रस्त्याने नेलेली सावली त्याच जागी परत आणायची तर

गोव्यात पत्रादेवीपासून पोळ्यापर्यंत राष्ट्रीय महामार्ग ६६ रुंद होत गेला. २०१९ मध्ये मांडवीवर अटल सेतू उभा राहिला, २०२२ च्या डिसेंबरात नव्या झुआरी पुलाची पहिली बाजू खुली झाली, आणि त्यानंतर पर्वरीत उड्डाणपुलाचं काम निघालं. या प्रत्येक कामाच्या वाटेत झाडं होती. २०२५ साली पर्वरीच्या खाप्रेश्वर देवस्थानाजवळचा जुना वड मुळासकट काढून हलवला गेला, तेव्हा हा प्रश्न सगळ्या गोव्यापुढे आला. वडाला देवाचं नाव होतं, म्हणून लोक जमले. ज्यांना कसलंच नाव नव्हतं अशा करंज, आंबा, जांभूळ, सातवीण यांच्यासाठी मात्र आपणच काही केलं पाहिजे.

एका झाडाच्या बदल्यात दहा रोपं लावू, असं आश्वासन प्रत्येक मोठ्या कामात मिळतं. ती रोपं कुठे लावणार, त्यांना एप्रिलमध्ये पाणी कोण घालणार आणि पाच वर्षांनी त्यातली किती जिवंत असतील, हे कागदावर क्वचित लिहिलेलं असतं. आल्त पर्वरीच्या बसथांब्यावरची सावली गेली आणि तिच्या बदल्यात दूर सत्तरीतल्या एखाद्या डोंगरावर रोपं लागली, तर त्या थांब्यावर उन्हात उभ्या राहणाऱ्या म्हातारीला काहीच परत मिळालेलं नसतं. सावली जिथून गेली तिथेच, पायी पोचता येईल एवढ्या अंतरात, परत आली पाहिजे. त्यासाठी झाड पडण्याआधी कामाला लागायचं आणि पुढचे तीन उन्हाळे ते सोडायचं नाही. ते कसं करायचं, ते पुढे लिहितो.

झाडं उभी असतानाच नोंदवही करा

रस्त्याच्या आखणीचे दगड बसले किंवा खोडांवर रंगाने आकडे पडले, की त्याच आठवड्यात वही घेऊन निघा. चार-पाच जण पुरेत. शाळेतली वरच्या वर्गातली मुलं बरोबर असतील तर उत्तम, कारण पुढे ही झाडं त्यांच्याच वाट्याला येणार आहेत. शिंप्याची टेप घेऊन जमिनीपासून १.३७ मीटर उंचीवर, म्हणजे साधारण छातीच्या उंचीवर, खोडाचा घेर मोजा. डेऱ्याचा, म्हणजे फांद्या-पानांच्या पसाऱ्याचा, विस्तार दोन दिशांनी पावलांनी मोजा आणि सरासरी काढा. जात, जागा, खोडावरचा आकडा, पोकळी आहे का, घरटी आहेत का, खाली काय आहे (थांबा, गाडा, घुमटी, शाळेचं फाटक) ते लिहा. प्रत्येक झाडाचे दोन फोटो काढा, एक पूर्ण झाडाचा आणि एक खोडावरच्या आकड्याचा. मोबाईलमध्ये जागेची नोंद चालू ठेवा.

घेर आणि डेरा यांचा आग्रह का, ते एका हिशेबात कळेल. २४० सेंटीमीटर घेराच्या आंब्याच्या खोडाचा आडवा छेद सुमारे ४,५८० चौरस सेंटीमीटर भरतो. दोन सेंटीमीटर जाडीच्या रोपाचा छेद जेमतेम ३ चौरस सेंटीमीटर. म्हणजे नुसत्या खोडाच्या हिशेबाने त्या एका आंब्याची बरोबरी करायला १,४०० हून जास्त रोपं लागतील. डेऱ्याने मोजलं तर चित्र थोडं आशादायक होतं. १६ मीटर विस्ताराच्या झाडाखाली सुमारे २०० चौरस मीटर सावली असते, आणि ५ मीटर विस्ताराच्या तरण्या झाडाखाली सुमारे २०. नीट वाढवलेली दहा झाडं दहा-बारा वर्षांत ती सावली भरून काढू शकतात, पण जगली तर आणि जवळ असली तर. म्हणून मागणी करताना रोपांची संख्या मागू नका. किती चौरस मीटर सावली गेली आणि ती कुठे, कधीपर्यंत परत येणार, हे विचारा.

कागद

गोव्यात जंगलाबाहेरच्या झाडांना १९८४ चा गोवा, दमण व दीव वृक्ष संरक्षण कायदा लागू होतो. झाड तोडायला वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते, आणि ज्याला परवानगी मिळते त्याच्यावर नवी झाडं लावण्याची जबाबदारी येते. याच कायद्याच्या व्याख्येतून २०१६ मध्ये माड वगळला गेला होता. लोकांचा रोष झाला आणि २०१७ मध्ये तो परत आला. लोकांनी पाठपुरावा केला तर कायद्यातला शब्दही बदलतो, याचं हे आपल्या घरचं उदाहरण आहे.

माहिती अधिकार कायद्याखाली १० रुपये शुल्काचा एक अर्ज वन खात्याकडे आणि दुसरा सार्वजनिक बांधकाम खात्याच्या महामार्ग विभागाकडे द्या. उत्तराची मुदत ३० दिवसांची असते. अर्जात मोघम प्रश्न नको. परवानगीच्या आदेशाची प्रत, तोडायच्या झाडांची जात व घेर यांसह यादी, लागवडीच्या अटी, लागवडीच्या जागेचा सर्वे नंबर, कंत्राटात लागवड आणि निगेसाठी धरलेली रक्कम व निगेची वर्षं, आणि आजवर किती रोपं जगली याचा अहवाल, अशी एकेक गोष्ट वेगळी मागा. केंद्राच्या २०१५ च्या हरित महामार्ग धोरणात प्रकल्पखर्चाचा एक टक्का लागवडीसाठी आणि निगेसाठी ठेवण्याची तरतूद आहे. मोठ्या कामात हा एक टक्का कोट्यवधी रुपयांत जातो, तेव्हा तो कुठे खर्च झाला हे विचारायला संकोच नको.

सर्वे नंबर हातात आला की फॉर्म एक-चौदा (गोव्यातला जमिनीचा उतारा) काढून जमीन कुणाची ते पाहा आणि प्रत्यक्ष जागेवर जा. मग आपली नोंदवही आणि मिळालेली कागदपत्रं घेऊन ग्रामसभेत ठराव मांडा. पर्वरी शहरासारखी दिसत असली तरी ती पंचायतींच्याच हद्दीत आहे, म्हणजे तिथल्या माणसाला रविवारच्या ग्रामसभेत उभं राहून बोलण्याचा हक्क आहे. पणजी-मडगावकरांना नगरसेवकाकडे जावं लागेल. ठरावात तीन गोष्टी नेमक्या याव्यात: जागा, जाती, आणि किमान पाच वर्षांची निगा. पंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीकडे नोंदवहीची एक प्रत देऊन पोच घ्या.

झाडाचा वंश काढून घ्या

हे काम सगळ्यात जास्त राहून जातं, आणि खरं तर ते सगळ्यात सोपं आहे. रस्त्याकडेचा रायवळ आंबा शंभर पावसाळे त्या जागी तग धरून राहिलेला असतो. ती माती, तो वारा, ते ऊन त्याला मानवलेलं असतं. त्याची घोटां (छोटे आंबे) सासवात, म्हणजे मोहरीच्या आमटीत, घातलेल्या माणसाला त्या चवीची किंमत सांगायला नको. असं झाड जाणारच असेल तर त्याची कलमं आधी करून घ्या. आंब्याचं कोय कलम पावसाळ्यात, साधारण जुलै-ऑगस्टमध्ये, चांगलं साधतं. त्यासाठी तीन-चार महिन्यांच्या, फुगीर डोळ्याच्या निरोगी काड्या लागतात. घरात कलम बांधणारं कुणी नसेल तर जवळच्या रोपवाटिकेतल्या माणसाला काड्या ओल्या फडक्यात गुंडाळून त्याच दिवशी नेऊन द्या. फणस कापा होता की रसाळ, तेही नोंदवा. फणसाच्या बीपासून तोच फणस येईल असं नाही, म्हणून तिथेही कलमच करावं.

वड, उंबर आणि भेंड यांना तर फांदीच पुरते. मनगटाएवढी जाड, दोन-अडीच मीटर लांबीची सरळ फांदी पावसाच्या तोंडावर काढा. चीक वाळेपर्यंत ती सावलीत उभी ठेवा, वरच्या टोकाला शेणमाती थापा आणि खालचा दीड-दोन फूट भाग ओल्या जमिनीत पक्का गाडा. वडाची फांदी पारंब्या फुटलेली मिळाली तर फार बरं. दहा फांद्या लावा, म्हणजे चार-पाच तरी जीव धरतील. देवस्थानाचा वड जाणार असेल, तर तो जाण्याआधीच त्याच्या फांद्या गावात चार ठिकाणी रुजलेल्या असाव्यात, असं मला मनापासून वाटतं. पूजा करणाऱ्यांनाही तोच वड पुन्हा मिळतो.

बियांचं गणित वेगळं. जांभूळ, आंबा, फणस यांचं बी लवकर मरतं. फळ खाल्लं की आठवड्याच्या आत पेरा. बहाव्याचं बी टणक असतं, ते खरखरीत दगडावर घासून रात्रभर पाण्यात भिजत घाला. करंजाच्या शेंगा उन्हाळ्यात वाळल्या की गोळा करा, त्यांना काही करावं लागत नाही. उंडीचं कवच हलक्या हाताने फोडलं तर अंकुर लवकर दिसतो. ही रोपं घराच्या मागीलदारी दोन वर्षं मोठ्या पिशवीत वाढवा. गुडघ्याएवढं रोप रस्त्याकडेला लावणं म्हणजे ते गुरांना घालणं.

पुनर्रोपण कधी मान्य करावं

झाड तोडणार नाही, हलवू, असं सांगितलं की लोकांना हायसं वाटतं. पण मोठं झाड हलवायचं तर मुळांचा मातीसकट गोळा खोडाच्या जाडीच्या आठ ते दहा पट रुंद लागतो. ६० सेंटीमीटर जाडीच्या खोडाला पाच मीटर रुंद आणि एक मीटर खोल गोळा धरला, तर तो सुमारे २० घनमीटर होतो आणि नुसत्या मातीचं वजन ३० टनांच्या वर जातं. त्याआधी काही महिने एका वेळी अर्ध्या वर्तुळात चर खणून मुळं कापायची, तिथे नवी बारीक मुळं फुटू द्यायची आणि मगच उचलायचं. हे काही न करता सगळ्या फांद्या छाटून, गाडीत मावेल तेवढा गोळा ठेवून नेलेलं झाड पहिल्या पावसात पालवी दाखवतं, कारण खोडात साठवलेलं अन्न असतं. खरा निकाल दुसऱ्या-तिसऱ्या उन्हाळ्यात लागतो. म्हणून पालवी फुटल्याच्या फोटोवर हिशेब बंद करू देऊ नका.

माड आणि इतर ताड-जातीची झाडं हलवणं तुलनेने सोपं असतं. वड-पिंपळाच्या कुळातली झाडं तयारी केली तर तग धरतात. मोठ्या वयाचा आंबा, फणस, जांभूळ यांच्या बाबतीत आशा कमी. तिथे तेवढेच पैसे नव्या लागवडीच्या निगेवर घालावेत, असं मी सुचवेन.

आणि जी झाडं आखणीबाहेर उभी आहेत, ती कामात मरू देऊ नका. डेऱ्याच्या छायेखालची जमीन म्हणजे त्याची मुळं. तिथे चर खणून केबल टाकली, खोडाभोवती मातीचा ढीग केला किंवा बुंध्यापर्यंत काँक्रीट ओतलं, की झाड लगेच मरत नाही. दोन-तीन पावसाळ्यांनी वाऱ्यात उन्मळून पडतं आणि दोष पावसाला जातो. काम सुरू होतानाच डेऱ्याच्या कडेने बांबूचं कुंपण मागा.

जागा

इथे घाई नको. उड्डाणपुलाच्या खाली पाऊसही पडत नाही आणि पुरेसं ऊनही येत नाही, तिथे सावलीचं झाड होणार नाही. दुभाजकात झुडपंच शोभतात. चौकाच्या तोंडाशी वाहनचालकाची नजर अडेल असं काही लावू नये. उरते ती सेवा रस्त्याची बाहेरची कड, बसथांब्याच्या मागची पट्टी, शाळेचं आणि पंचायतीचं आवार, स्मशानाची हद्द, देवळाचं प्रांगण, चर्चचा परिसर, आणि कोमुनिदादची (गावची सामाईक जमीन सांभाळणाऱ्या जुन्या संस्थेची) पडीक जमीन. गावात फिरून अशा जागांचा साधा नकाशा काढा आणि गेलेल्या सावलीच्या सर्वांत जवळची जागा आधी धरा. कोमुनिदाद, देवस्थानचे महाजन किंवा चर्चची समिती यांची संमती लेखी घ्या. तोंडी होकारावर लावलेलं झाड नवी समिती आली की अडचणीत येतं.

खणण्याआधी पाण्याची वाहिनी, वीज, दूरध्वनी आणि मलनिस्सारण यांच्या वाहिन्या कुठून जातात ते संबंधित खात्यांकडून विचारून घ्या. वर तारा असतील तर तिथे बुटकं झाडच लावा, नाहीतर दर वर्षी मे महिन्यात त्याचा शेंडा छाटला जाईल. मोठ्या झाडांत ८ ते १० मीटर अंतर ठेवा, मध्यम झाडांत ६. मुळांना जागा किती मिळेल हे फार कमी जण पाहतात. आठ मीटर डेऱ्याच्या झाडाला १५ ते ३० घनमीटर भुसभुशीत माती लागते. पदपथात सोडलेल्या दोन फुटी चौकोनात ते वाढणार नाही. झाडं एकेकटी कोंडण्यापेक्षा चार-पाच झाडांना मिळून एक सलग, उघडी पट्टी सोडायला लावा.

कोणतं झाड

पठारावरच्या जांभ्या जमिनीत, पर्वरीसारख्या ठिकाणी, करंज, जांभूळ, किंदळ, बहावा, रायवळ आंबा. खारं वारं आणि खाजनाची (खाडीकाठच्या बांध घातलेल्या सखल जमिनीची) कड असेल तिथे उंडी, भेंड, करंज. पाण्याचा अंश टिकणाऱ्या जागी ताम्हण आणि कदंब. देवळा-शाळांच्या आवारात बकुळ, नागकेशर, सीता-अशोक. ही सावकाश वाढतात, पण फुलांचा वास पिढ्या लक्षात ठेवतात. सातवीण उत्तम सावली देते, मात्र तिचा फुलोऱ्यातला वास सर्वांना सोसत नाही, म्हणून ती खिडक्यांपासून दूर लावा. वड, पिंपळ, उंबर यांना मोकळं मैदान लागतं, ती पदपथाची झाडं नव्हेत.

गुलमोहर आणि पीतमोहोर भराभर वाढतात म्हणून सुचवले जातात. त्यांचं लाकूड ठिसूळ, आणि आपला जुलैचा वारा त्यांना सोसत नाही. ऑस्ट्रेलियन आकेशिया पठारांवर पूर्वी भरपूर लावला गेला. बदल्यातल्या लागवडीत तो मोजू देऊ नका. एका रांगेत एकच जात नको. निदान पाच-सहा जाती मिसळा, म्हणजे एखाद्या किडीने सगळी रांग जाणार नाही.

खड्डा आणि लावणी

खड्डे मे महिन्यात खणा, एक मीटर लांब, रुंद आणि खोल, आणि दोन-तीन आठवडे उन्हात तापू द्या. जांभ्यात खणलेला खड्डा चिऱ्यांच्या टाकीसारखा होतो: पावसात भरतो, पाणी मुरत नाही आणि मुळं कुजतात. म्हणून तळ पहारेने फोडा, कडा खडबडीत करा आणि एका बाजूला उताराकडे पाण्याला वाट द्या. एक बादली पाणी ओतून पाहा. दुसऱ्या दिवशीही ते तसंच असेल तर अजून फोडायला हवं. तळाशी नारळाच्या सोडणांचा एक थर पोकळ बाजू वर करून अंथरा, ती उन्हाळ्यात ओल धरून ठेवतात. वर चांगली माती, कुजलेलं शेणखत आणि मूठ-दोन मूठ निंबोळी पेंड. वाळवी दूर ठेवायला पेंडीचा उपयोग होतो. बांधकामाचा राडारोडा खड्ड्यात परत जाऊ देऊ नका. महामार्गाच्या कडेला तो सगळीकडे असतो आणि मजुरांना तोच हाताशी लागतो.

लावणी जूनच्या मध्यापासून जुलैच्या मध्यापर्यंत, जमीन खोलवर भिजल्यावर. ऑगस्टअखेर लावलेल्या रोपाला मुळं धरायला वेळच उरत नाही. रोप निदान दोन मीटर उंच, सरळ शेंड्याचं घ्या. पिशवी पूर्ण काढा, मुळं आत गोल फिरलेली असतील तर धारदार सुरीने ती वेटोळी कापा. बुंध्याची जी जागा पिशवीत मातीच्या वर होती, ती लावल्यावरही वरच राहिली पाहिजे. दोन बांबू दोन बाजूंना रोवून काथ्याने आठाच्या आकड्यासारखं सैल बांधा. खोड वाऱ्यात थोडं हललं तरच ते जाड होतं. वर्षाने बांबू काढून टाका. गुरांसाठी कुंपण मात्र तीन वर्षं ठेवा.

तीन उन्हाळे

गोव्यात वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो, पण जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरात. नोव्हेंबरपासून मेपर्यंत रोपाचं आयुष्य माणसाच्या हातात असतं. ऑक्टोबरात आळं बांधा आणि पाचोळ्याचा वीतभर थर द्या, खोडाला न चिकटवता. पहिल्या वर्षी आठवड्यातून दोनदा १५ ते २० लिटर, मार्चनंतर तीनदा. दुसऱ्या वर्षी आठवड्यातून एकदा ३० ते ४० लिटर. तिसऱ्या वर्षी पंधरवड्याला एकदा भरपूर. रोज तांब्याभर पाणी घातलं तर मुळं वरच राहतात, म्हणून कमी वेळा आणि खोल द्या. टँकरवाल्याला नळीचा जोर कमी ठेवायला सांगा, नाहीतर माती धुऊन मुळं उघडी पडतात.

प्रत्येक झाडाला एक घर किंवा एक दुकान नेमून द्या, आणि त्यांचं नाव वहीत लिहा. भजनी मंडळ, क्रिकेट क्लब, बसथांब्यावरचा चहावाला, रिक्षावाले, शाळेचा एक वर्ग, कुणीही चालेल. चतुर्थीला आणि शिगम्याला गाव एकत्र येतो, तेव्हा वही काढून वाचा. मे महिन्याच्या सुट्टीत शाळा बंद असते आणि त्याच वेळी रोपांना सर्वांत जास्त पाणी लागतं; त्या सुट्टीसाठी वेगळी माणसं आधीच ठरवा.

मेलेलं रोप पुढच्या जूनमध्ये बदला आणि त्याची तीन वर्षं नव्याने मोजा. कंत्राटदाराकडून लागवड झाली असेल तर दर जानेवारीला आणि दर मेअखेरीला स्वतः जाऊन जिवंत रोपं मोजा, फोटो काढा आणि तो आकडा वन खात्याला व पंचायतीला लेखी कळवा. निगेची मुदत संपण्याच्या सहा महिने आधी ही मोजणी हातात असली, तर मेलेली रोपं त्यांच्याच खर्चाने बदलून घेण्याची मागणी करता येते. मुदत संपल्यावर ते काम गावाच्या अंगावर येतं.

पाचव्या वर्षी पहिली वही काढा. गेलेल्या झाडांचा डेरा आणि नव्या झाडांचा डेरा चौरस मीटरमध्ये शेजारी शेजारी लिहा, थांब्यागणिक, रस्त्यागणिक. जिथे तूट मोठी आहे त्या जागांची यादी पुढच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेत घाला आणि त्या वर्षीचे खड्डे तिथूनच खणायला सुरुवात करा.